जनरलच्या नसलेल्या व्रणाची गोष्ट

जनरल हा जनरल नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तो सैन्यात आचारी होता. जनरल हे नाव त्याला कोपऱ्यावरच्या न्हाव्याने चेष्टेने दिलं आणि ते त्याला असं चिकटलं की पुढे पोस्टमनसुद्धा त्याच नावाने दारात हाक मारू लागला. सैन्यातून सुटल्यावर जनरलने बस डेपोच्या कँटीनमध्ये उरलेली नोकरी काढली. तिथेही तो चहाची किटली अशा थाटात घेऊन यायचा की मागून अख्खी पलटण येते आहे असं वाटावं. पोट सुटलेलं, मिशी टोकदार, आवाज रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा. आणि तोंडात कायम एकच वाक्य: "आम्ही तिकडे मोहिमेवर असताना..."

हे वाक्य न्हाव्याच्या दुकानात चालायचं, डेपोत चालायचं, दवाखान्यातल्या रांगेतही चालायचं. फक्त घरात चालायचं नाही. घरात ते वाक्य सुरू झालं की बायको शिलाई मशीनचं चाक जोरात फिरवायची आणि मशीनच्या खडखडाटात अख्खी मोहीम वाहून जायची. कारण जनरलच्या बायकोचं स्पष्ट मत होतं की हा मनुष्य समुद्रापलीकडे कधी गेलेलाच नाही. तो म्हणतो ते सव्वा वर्ष त्याने सैन्याच्या डेपोतच काढलं, आणि तेही एका बाईबरोबर सिनेमे बघत.

हे मत तिने हवेतून काढलं नव्हतं. त्यांचं लग्न ठरलं, आणि जनरलने तिला सांगितलं की मी परदेशी मोहिमेवर चाललोय, आल्यावर लग्न करू. पुढे तिचे वडील आजारी पडले तेव्हा जनरलला निरोप पोचवायची सोय करायला म्हणून तिचा भाऊ सैन्याच्या डेपोवर गेला. फाटकावरच्या शिपायाने रजिस्टर बघितलं आणि म्हणाला, "तो ना? आहे की इथेच. आत्ताच पास घेऊन गावात गेला. धोब्याच्या पोरीबरोबर सिनेमाला." भाऊ घरी आला आणि त्याने ही बातमी जशीच्या तशी सांगितली. जशीच्या तशी म्हणजे थोडं तिखटमीठ लावून. जनरलचा हा मेहुणा म्हणजे दुसऱ्याच्या घरात काडी टाकून स्वतःच्या घरी शांत झोपणारा इसम.

लग्न झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने नवऱ्याला जाब विचारला. जनरलने शपथा घेतल्या. तिकडून आणलेला शंख दाखवला. ती म्हणाली, शंख बाजारात मिळतात. पुढे तो सैन्यातून सुटला, हातात डिस्चार्जचा दाखला आला, आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं: परदेश सेवा, नाही. पदके, नाहीत. विषय संपला. त्यानंतर भांडण दुधावरून निघो की गळक्या नळावरून, शेवटी गाडी त्याच स्टेशनात जायची. "हो हो, तुमची ती मोहीम माहीत आहे मला."

आता खरं काय झालं होतं ते सांगतो.

मोहिमेवर जायच्या यादीत जनरलचं नाव नव्हतंच. नाव होतं दुसऱ्या एका आचाऱ्याचं. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी त्या आचाऱ्याला बसायच्या जागी, डाव्या बाजूला, असं गळू झालं की त्याला बसता येईना, झोपता येईना, आणि चालताना तो बदकासारखा दिसू लागला. त्या दिवसापासून बराकीत त्याचं नावच गळू पडलं. सैन्यात यादी म्हणजे काय चीज असते हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. ती टाइप झाली, तिच्यावर मुख्यालयाची सही झाली, तिच्या प्रती दहा ठिकाणी गेल्या, की मग देव आला तरी त्यात खाडाखोड होत नाही. नाव बदलायचं तर पुन्हा टायपिंग, पुन्हा सही, आणि जहाज काही त्यासाठी थांबणार नव्हतं. त्या तुकडीचे मेजरसाहेब खाण्याचे शौकीन होते. आचाऱ्याशिवाय समुद्र ओलांडायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी यादी बघितली, दोन्ही आचाऱ्यांना बघितलं आणि हुकूम सोडला: "यादी बदलता येत नाही. माणूस बदला."

झालं. जनरल गळूच्या नावाने जहाजावर चढला. गळू जनरलच्या नावाने डेपोत राहिला. सव्वा वर्ष दोघांनी हजेरीला एकमेकांच्या नावाने "हजर!" असं ओरडून दिलं. परत आल्यावर मेजरसाहेबांनी दोघांना खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि सांगितलं, "हे बाहेर फुटलं तर तिघांचेही गणवेश उतरतील. ज्याच्या कागदावर जे आहे ते त्याने ठेवायचं." म्हणून मोहिमेचं पदक गेलं गळूकडे. शिवाय तिकडे एक प्रकार घडला होता. एक चौकी दोन दिवस तोफांच्या माऱ्यात अडकून पडली होती आणि आपल्या जनरलने पाठीवर सुपाचं पिंप बांधून ओढा ओलांडून त्या उपाशी लोकांना खायला नेलं होतं. त्याबद्दल शौर्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. तेही गळूच्या नावाने.

जनरलने तोंड शिवून घेतलं. म्हणजे कचेरीत. न्हाव्याकडे नाही, आणि घरातही नाही; बायकोला त्याने गळूबरोबरची अदलाबदल सांगितली होती, पण तिच्या लेखी ती आणखी एक थाप होती.

इतकी वर्षं असंच चाललं, पुढेही चाललं असतं. पण मेहुण्याच्या वाढदिवसाचं जेवण झालं. बरीच पाहुणेमंडळी होती. मेहुणा ग्लास हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या भावजींसाठी! सिनेमाच्या थिएटरात परदेश सेवा करणारा जगातला एकमेव जवान!" सगळे खो खो हसले. जनरलही हसला, कारण न हसता बसणं जास्त वाईट दिसलं असतं. पण त्याने बायकोकडे बघितलं, तर ती हसत नव्हती. खाली मान घालून ताटातलं काहीतरी चिवडत होती. जनरलने हातातला घास ताटात ठेवला. त्याला चारचौघांची चेष्टा पचायची, त्यात काही नवीन नव्हतं. आपल्यामुळे ही इथे मान खाली घालून बसली आहे, हे मात्र त्याला पचलं नाही.

त्याच आठवड्यात पेपरात मेजरसाहेब वारल्याची बातमी आली. जनरलने दोन मिनिटं उभं राहून त्यांना मान दिला आणि तिसऱ्या मिनिटाला रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहायला घेतलं. मरण्यापूर्वी या बाईशी एक तरी भांडण जिंकायचंच, असा त्याने चंग बांधला.

पत्र लिहिताना त्याने न्हाव्याला शेजारी बसवलं, ही पहिली चूक. न्हाव्याने पत्रात तोफा वाढवल्या. जनरलने ते फाडलं आणि साध्या भाषेत पुन्हा लिहिलं, की मी अमुक मोहिमेवर दुसऱ्याच्या नावाने गेलो होतो, माझ्या दाखल्यात परदेश सेवा आणि पदकं घालावीत. रेकॉर्ड ऑफिस म्हणजे काही घाईची जागा नाही. उत्तराची वाट बघता बघता जनरलने दाराशी स्टूलच टाकलं. पोस्टमन लांबून हात हलवायचा, "नाही आलं, जनरल!"

अखेर आलं. जनरलचा चष्मा सापडत नव्हता, म्हणून बायकोने वाचायला घेतलं. खरं म्हणजे चष्मा खिशात होता. त्याला उत्तर स्वतः वाचायची भीती वाटत होती.

ती ठसक्यात वाचू लागली. "आपला अर्ज तपासण्यात आला. नोंदींनुसार सदर काळात आपण डेपोतच हजर होता." इथे तिने चष्म्यावरून नवऱ्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेत इतक्या वर्षांची सगळी भांडणं होती. मग पुढे वाचलं. "इतकेच नव्हे, तर सदर काळात आपण डेपोच्या रुग्णालयात दाखल होता. डाव्या नितंबावरील मोठे गळू शस्त्रक्रियेने कापून टाके घालण्यात आले. कायमचा खोल व्रण राहिल्याची नोंद आहे. सबब अर्ज फेटाळण्यात..."

ती थांबली. ती ओळ तिने पुन्हा वाचली. मग कागद मशीनवर ठेवला.

"पँट काढा."

"काय?"

"पँट काढा म्हणते ना. आणि उजेडात या."

"अगं, खिडकी उघडी आहे."

"असू दे. कोण बघतंय तुमच्याकडे?"

जनरल खिडकीत उभा राहिला. तिने कपड्यावरचा टाका शोधते तशी बारकाईने डावी बाजू तपासली. बोट फिरवून बघितलं. मग म्हणाली, "डावी म्हणजे तुमची डावी की बघणाऱ्याची डावी?" आणि खात्रीसाठी उजवीही तपासली. तिचं शिवणकामात आयुष्य गेलं होतं. कुठे एकदा कापून शिवलेलं असलं तर तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. व्रण नव्हता. टाक्याची खूणही नव्हती. होता फक्त जन्मापासूनचा एक तीळ, आणि तो तिला चांगला ओळखीचा होता.

ती मशीनच्या स्टुलावर बसली. जनरल पँट धरून तसाच उभा.

"घालू का आता?"

"घाला." मग थोड्या वेळाने, "तो गळू जिवंत आहे का?"

"असावा. का?"

"पत्ता काढा. मीही येते."

गळू जिवंत होता, आणि चांगला गुटगुटीत होता. बसने अर्ध्या दिवसावरच्या गावात त्याचं घर होतं. स्टँडवर उतरून पत्ता विचारला, तर रिक्षावाला म्हणाला, "कॅप्टनसाहेबांकडे ना? माजी सैनिकांच्या क्लबाचे अध्यक्ष! चला." जनरल रिक्षात धुमसत बसला. आपण तिकडे जनरल असून बस डेपोच्या कँटीनमधले, आणि हा गळू कॅप्टन होऊन माजी सैनिकांच्या क्लबाचा अध्यक्ष!

कॅप्टनसाहेबांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर काचेच्या चौकटीत पदक होतं. शेजारी प्रशस्तिपत्र. कॅप्टनसाहेबांनी पाहुण्यांना नीट ओळखलं नाही, कारण त्यांनीही चष्मा लावला नव्हता. भेटायला येणाऱ्यांना जे सांगायचं तेच त्यांनी सुरू केलं. "चौकी अडकलेली. वर तोफा. मी पिंप पाठीला बांधलं. ओढ्यात गळ्यापर्यंत पाणी. गोळी पिंपाला लागली, सूप गळायला लागलं. मी भोकात बोट घातलं आणि तसाच चालत राहिलो!"

जनरल आ वासून ऐकत होता. ओढ्याला घोट्याइतकं पाणी होतं. गोळीबिळी काही लागली नव्हती. खरं म्हणजे तो निघाला तोच मुळी हवालदार मागे काठी घेऊन उभा होता म्हणून. तोफांपेक्षा त्याला त्या काठीची जास्त धास्ती होती. पण स्वतःचं शौर्य दुसऱ्याच्या तोंडून इतकं झकास ऐकल्यावर त्याला वाद घालायचा मोह झाला नाही. भोकात बोट ही कल्पना आपल्याला न्हाव्याकडे का सुचली नाही, याचंच त्याला वाईट वाटलं.

शेवटी तो म्हणाला, "गळू, सूप कसलं होतं?"

कॅप्टनसाहेबांना गळू म्हणून हाक मारणारं माणूस त्या गावात नव्हतं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला आणि जनरलकडे बघितलं. मग एकदम खाली बसले. अर्थात उजवीकडे कलून. ती सवय मोडली नव्हती.

"आलास होय तू," गळू म्हणाला. "मला वाटलंच होतं, मेजर गेल्याचं वाचल्यावर."

जनरलने काम सांगितलं. मी नव्हतो, हा होता, असं लिहून द्यायचं आणि मेडिकल बोर्डासमोर व्रण दाखवायचा. गळूने मान हलवली. "नाही जमायचं. अरे, क्लबात माझा फोटो आहे. लोक रस्त्यात सलाम करतात. मी काही खोटं बोललो नव्हतो रे सुरुवातीला. कागदच बोलला. मी नुसता गप्प बसलो. मग लोक विचारायला लागले. मग थोडं थोडं सांगावं लागलं. आता या वयात काय सांगू? की मी त्या वेळी पालथा झोपलो होतो म्हणून?"

तेवढ्यात आतून चहाचा ट्रे घेऊन गळूची बायको आली. उंच, ठसठशीत, केस पिकलेले पण चाल अजून झोकात. जनरलची बायको खुर्चीत ताठ झाली. डेपोतला आचारी गळू होता, तर सिनेमाची बाई हीच असेल, असा तिचा संशय होता, आणि तिने आडवळण घेतलंच नाही.

"तुम्ही धोब्याच्या ना? डेपोजवळच्या?"

"हो. तुम्हाला कसं ठाऊक?"

"तुम्ही सिनेमाला जायचात. एका आचाऱ्याबरोबर." आणि तिने नवऱ्याचं नाव घेतलं. एरवी ती त्याचं नाव घेत नसे. तिने ते शब्द साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखे उच्चारले.

"जायचे की! डेपोत हजेरीला ह्यांना त्याच नावाने हाक मारायचे." तिने गळूकडे बोट दाखवलं. "पहिल्याच सिनेमाला ह्यांनी मला कानात सांगितलं, माझं खरं नाव वेगळं आहे, कुणाला सांगू नकोस. मला वाटलं, केवढा प्रामाणिक माणूस! म्हणून तर लग्न केलं."

"म्हणजे ह्यांच्याबरोबर," जनरलच्या बायकोने आपल्या नवऱ्याकडे बोट केलं, "तुम्ही कधीच...?"

गळूच्या बायकोने जनरलला मिशीपासून बुटापर्यंत न्याहाळलं आणि ती इतकी हसली, इतकी हसली की ट्रे खाली ठेवावा लागला. "ह्यांच्याबरोबर? अहो बाई, मला काही आवडनिवड आहे की नाही?"

"का?" जनरलची बायको फणकारली. "काय वाईट आहे ह्यांच्यात?"

इतक्या वर्षांत तिने नवऱ्याची बाजू घेतल्याचं जनरलला आठवत नव्हतं, आणि आता घेतली ती कशासाठी, तर परक्या बाईने त्याच्याबरोबर सिनेमाला जायला नकार दिला म्हणून. त्याला हसावं की खुर्चीतून उठून कडकडीत सलाम ठोकावा ते कळेना. त्याने चहाचा घोट घेतला आणि तोंड पोळून घेतलं.

गळूच्या बायकोला काय प्रकार आहे ते हळूहळू उमगलं. मेहुण्याची बातमी, दाखला, मशीनचा खडखडाट, सगळं तिने ऐकून घेतलं. मग तिचं हसू मावळलं. ती नवऱ्याकडे वळली.

"सही करा."

"अगं, क्लब..."

"क्लब गेला खड्ड्यात. आपण दोघं मजेत सिनेमे बघत होतो, आणि त्या सिनेमांची शिक्षा ही बाई भोगत बसली. आपल्याला पत्तासुद्धा नाही. मी आचाऱ्याशी लग्न केलं होतं. हा कॅप्टन घरात कधी शिरला मला माहीत नाही, आणि मला तो फारसा आवडतही नाही. सारखं बोट भोकात घालून बसलेला असतो. करा सही."

गळूने भिंतीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग तो उठला, त्याने चौकट भिंतीवरून काढली आणि जनरलच्या हातात दिली. मागे भिंतीवर स्वच्छ चौकोन उरला.

"एक विचारू?" गळू म्हणाला. "गोष्ट सांगितली तर चालेल ना? तुझ्या नावाने सांगेन."

"सांग की," जनरल म्हणाला. "तुझी जास्त चांगली आहे. पण पाणी जरा कमी कर."

चौकट मात्र सरकारी मार्गानेच यायला हवी म्हणून जनरलने ती तिथेच ठेवली. काम कागदाने बिघडलं, तर कागदानेच दुरुस्त व्हायला हवं, एवढी शिस्त त्याच्या अंगात अजून होती.

रेकॉर्ड ऑफिसमधली कारकूनबाई चांगली होती. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "हा हुकूम कुणी दिला होता?"

"मेजरसाहेबांनी."

"ते कुठे आहेत?"

"वारले."

"छान. म्हणजे वाईट झालं. पण सगळं त्यांच्यावरच घाला." आणि तिने दोघांना मेडिकल बोर्डाकडे धाडलं.

बोर्ड म्हणजे एक थंडगार खोली, एक टेबल, तीन डॉक्टर आणि एक पडदा. पडद्याचा काही उपयोग नव्हता, कारण तो मोडका होता. दोन म्हातारे आचारी डॉक्टरांकडे पाठ करून, भिंतीवरच्या दात घासण्याच्या पोस्टरकडे तोंड करून, वाकून उभे राहिले. मागे तीन डॉक्टरांची कुजबुज.

"डावीकडचा बघा. खोल व्रण. टाक्यांच्या खुणा."

"आणि हा?"

"कोरा. नुसता तीळ."

"तिळाची नोंद घ्यायची का?"

"घ्या. पुन्हा भानगड नको."

गळू पोस्टरकडे बघत पुटपुटला, "सैन्याने माझ्यावर कोरलेलं एवढं एकच खरं निघालं." जनरलला हसू आवरेना. हसताना त्याचं अंग हलायला लागलं तेव्हा डॉक्टर ओरडला, "स्थिर उभे राहा!" आणि दोघेही जुन्या सवयीने ताठ झाले. पँटी घोट्यांवर, हात बाजूला, छाती पुढे.

पुढचं सगळं पोस्टाने आलं. नवा दाखला, तांबडा शिक्का, परदेश सेवा: होय. पदक एक. शौर्याचं प्रशस्तिपत्र एक. पोस्टमनने पाकीट देताना सलाम ठोकला. जनरल एक शब्द न बोलता न्हाव्याच्या दुकानासमोरून गेला, हे गावाने पहिल्यांदाच पाहिलं. तो सरळ घरी गेला.

त्याने वाक्य तयार ठेवलं होतं. "बघ, मी सांगत होतो ना!" बसमध्ये, आंघोळ करताना, बोर्डाच्या खोलीत वाकलेला असतानाही त्याने ते घोकलं होतं. ती काय म्हणेल तेही त्याने ठरवून टाकलं होतं. ती रडेल, माफी मागेल, मग तो मोठ्या मनाने म्हणेल, जाऊ दे.

बायकोने दाखला वाचला. दोनदा वाचला. मग त्याच्या एकुलत्या एक कोटाला पदकाची फीत शिवायला घेतली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"एवढंच?"

"मग काय, बँड लावू?"

जनरलला राग आला. "अगं, इतकी वर्षं तू मला खोटं ठरवलंस. भावाचं ऐकलंस. मी घसा फोडून सांगत होतो, आणि तू मशीन चालवत होतीस. निदान चुकलं एवढं तरी म्हण."

ती फीत शिवत राहिली. तिचे टाके नेहमी बारीक आणि एकसारखे पडायचे, पण आज एक वाकडा पडला. तो तिने उसवला आणि पुन्हा घातला.

"दादा सांगत आला ना," ती म्हणाली, "तेव्हा घरात सगळे म्हणाले, मोडून टाक. बाबा आजारी होते, तेही म्हणाले. मी म्हटलं, नाही मोडणार. कुणालाच कळेना का. मलाही नीट सांगता येत नव्हतं. तुम्ही आवडत होतात, एवढंच होतं. म्हणून मी तुम्हाला माफ केलं आणि मग लग्न केलं."

जनरलने दाखल्याची घडी घातली.

"आणि ते एकदाच करून भागत नाही हो. मला वाटलं होतं, भागेल. रोज करावं लागायचं. काही दिवस सोपं जायचं. तुम्ही हसवायचात, आजारपणात उशाशी बसायचात, तेव्हा सोपं जायचं. काही दिवस अजिबात जायचं नाही, तेव्हा मी मशीन चालवायचे." तिने दोरा दातांनी तोडला. "आणि आता हा कागद म्हणतो, माफ करण्यासारखं काही नव्हतंच. बरोबर आहे. तुम्ही जिंकलात. पण मग मी इतकी वर्षं केलं ते काय?"

तिचे डोळे भरून आले होते, आणि तिने ते पुसले नाहीत.

जनरल पलंगाच्या कडेला बसला. त्याच्या डोक्यातलं घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. तो स्वतःला आजवर अन्याय झालेला माणूस समजत आला होता. या घरात खरं बोलणारा एकटा तोच, आणि त्याचं कुणी ऐकत नाही. ती दुसऱ्या बाजूने काय उचलून चालली होती, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याने मनात उलटं करून बघितलं. त्याच्या बहिणीने येऊन सांगितलं असतं, की ही अमक्याबरोबर सिनेमाला जाते. त्याने काय केलं असतं? विचार करायलाही वेळ लागला नाही. त्याने त्याच संध्याकाळी लग्न मोडलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या बराकीत तिची बदनामी केली असती. तोफांच्या माऱ्यात तो ओढा ओलांडून गेला होता खरा, पण त्याला हुकूम होता आणि मागे काठी होती. हिला कुणी हुकूम दिला नव्हता. उलट सगळे परत फिर म्हणत होते.

त्याला लाज वाटली. पदकाकडे बघवेना.

"मी असतो ना तुझ्या जागी," तो खाली बघत म्हणाला, "तर नसतो राहिलो."

तिने कोट झटकला, फीत सरळ बसली आहे का ते बघितलं आणि त्याच्या खांद्यावर धरून माप घेतलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर कधी विचारलं नाही."